दोन्ही बाह्या उजव्या

रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं होतात, असं म्हणतात. कात्री एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये, त्यानंही भांडणं होतात. आमच्या दुकानात हे दोन्ही नियम माझ्या लग्नाच्या आधीपासून पाळले जायचे, आणि तरी आम्ही नवराबायको रोज भांडायचो. गळ्याच्या खोलीवरून भांडायचो, अस्तराच्या रंगावरून भांडायचो, चहात साखर कमी पडली म्हणून भांडायचो. एकदा मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "तुमच्या कात्रीला सांगा, आम्हाला तुझी गरज नाही, आमचं आम्ही बघून घेतो." ह्यांना हसू आलं होतं, पण हसलेलं दाखवायचं नाही हा ह्यांचा बाणा. खडू उचलला आणि परत कापडात डोकं घातलं.

आमचं दुकान राजाजीनगरात. खाली दुकान, मागून लोखंडी जिना, वर दोन खोल्या. हे जन्मले ते बंगळूरातच, मी निपाणीहून लग्न करून आले. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "स्वल्प थांब गं, दिवा लावते," आणि मी विचारात पडले की स्वल्प म्हणजे काय आणि किती थांबायचं. आता माझी बहीण निपाणीहून आली की माझ्याच बोलण्याला हसते. 'बरं' म्हणायचं सोडून दर दोन वाक्यांमागे "सरी" म्हणतेस, म्हणते. म्हणते तर म्हणते. ज्या गावचं पाणी, तसं तोंड.

आम्ही बायकांचे कपडे शिवतो. ब्लाउज मुख्य, पण पंजाबी ड्रेस, परकर-पोलकं, काय म्हणाल ते. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. माप मी घ्यायचं, कापायचं ह्यांनी, शिवायचं मी. गिऱ्हाईक ह्यांना 'मास्टर' म्हणतात. एखादी बाई येऊन सांगायची, "मास्टर, स्वल्प लूज माडी," जरा सैल करा. हे मान हलवून "सरी अक्का" म्हणायचे आणि मनात ठरवलं असेल तसंच कापायचे. बाई घालून बघायची आणि म्हणायची, बघा, मी सांगितलं म्हणून किती छान बसलं! ती गेली की मी ह्यांच्याकडे बघायचे, हे छताकडे बघायचे.

कात्री मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. पितळी मुठीची, जड, हातात घेतली तर मनगट दुखेल अशी. मामंजींचे डोळे अधू झाले तेव्हाची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे, मी नवी नवरी होते. एक दिवस त्यांनी एक पोलकं अर्धं कापलं आणि थांबले. कात्री फळीवर ठेवली, मूठ ह्यांच्याकडे वळवली, आणि काही न बोलता जिना चढून वर गेले. हातात दिली नाही. ह्यांनी ती उचलली आणि उरलेलं पोलकं कापलं. दुकान त्या दिवसापासून ह्यांचं झालं. ना कुणाला बोलावलं, ना पेढे वाटले.

त्यानंतर त्या कात्रीला ह्यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. म्हणजे एकदा माझा लागला. कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा कापायला मी ती घेतली. बाई गं! एवढे ओरडले की समोरची फुलवाली हातातला गजरा तसाच धरून धावत आली. "काय झालं अक्का, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही गेलं, कोथिंबीर आहे." आयुधपूजेला दरवर्षी ह्या कात्रीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुढे फोडलेला कोहळा. मशीनला नुसतं बोटभर कुंकू. मशीन माझं होतं ना.

सुरुवात कशी झाली ते सांगते. दुपारी जेवून हे खुर्चीत बसले होते आणि उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, तंबाखू मळावी तसं. हे तंबाखू खात नाहीत. मी चेष्टा केली, "काय हो, कुणाच्या नावानं जप चाललाय?" ह्यांनी हाताकडे बघितलं, आणि असं बघितलं जसा तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. मग दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मला वाटलं, थकले असतील, लग्नसराई आहे.

डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं उघडझाक करायला लावली, एक गोल काढायला लावला. जन्मभर खडूनं गळ्याचे गोल काढलेल्या माणसानं काढलेला तो गोल मी बघितला आणि मान फिरवली. कंपवात आहे, म्हणाले. गोळ्यांनी बरं वाटेल, पण हळूहळू वाढत जाणार. मी विचारलं, "आणि काम?" डॉक्टर म्हणाले, "जमतंय तोवर करू द्या. पण बारीक काम पुढे जड जाईल. नुसता हातच नाही, अंदाजही चुकायला लागतो." बाहेर आल्यावर हे रिक्षात बसता बसता म्हणाले, "त्याला काय कळतं? कात्री धरली की हात थांबतो."

आणि खरंच थांबायचा! हीच तर गंमत होती, आणि हाच घात. नुसते बसले की हात मळत राहायचा. कात्रीच्या मुठीत बोटं गेली की सगळं शांत. मी स्वतः बघायचे, श्वास धरून बघायचे. सकाळी शटर वर गेलं, कात्री हातात आली, की माझे जुने हे परत यायचे. संध्याकाळी कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळली की हात परत सुरू. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं, काम करताना कंप कमी होतो. होत असेल. मला मात्र वाटायचं, मामंजींची कात्री सांभाळते आहे ह्यांना.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मला फळीपाशी बोलावलं. म्हणाले, "ऐकून ठेव. ज्या दिवशी माझ्या हातून कुणाचं कापड वाया जाईल, त्या दिवशी ही खाली ठेवणार. मग कुणी कितीही सांगो."

"कशाला असं अभद्र बोलता?"

"अभद्र कसलं? लोक विश्वासानं देतात. एकदा कापलं की परत जोडता येतं का?"

शब्दाचा पक्का माणूस. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, ही ह्यांच्या घराण्याचीच रीत. कापड वाया गेलं की कात्री जाणार, आणि कात्री गेली की त्या हाताला थांबवणारं जगात काही उरणार नाही. तेव्हापासून मी देवाजवळ एकच मागत होते. बरं कर असं मागितलं नाही, ते होणार नाही हे मला समजलं होतं. चूक होऊ देऊ नकोस, एवढंच मागायचे.

मी कामं कमी घ्यायला लागले. मलमल, जॉर्जेट, निसटणारं कापड आलं की सांगायचे, "आत्ता नाही जमायचं हो, मास्टर बिझी आहेत." एकेक ब्लाउज कापायला ह्यांना अख्खी सकाळ लागायला लागली. माप दोनदा बघायचे, खडूची रेघ पुसून परत मारायचे. आवाज बारीक झाला. चेहऱ्यावरची हालचाल कमी होत गेली. गोळ्या वेळेवर चालू होत्या, पण भांडण बंद पडलं. मी म्हणायचे, "हे अस्तर शोभत नाही," की हे म्हणायचे, "सरी." मी म्हणायचे, "आज भाजीत मीठ नाही," की हे म्हणायचे, "सरी." भांडायला दोघं लागतात. माझ्या बाजूनं मी अगदी तयार उभी असायचे आणि समोर कुणी यायचंच नाही. लोकांना वाटेल, बरं झालं, घर शांत झालं. मला ती शांतता खायला उठायची.

त्यातच आमच्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक. एचएसआर लेआउटमध्ये कसल्याशा कंपनीत आहे, दिवसभर लॅपटॉपशी इंग्रजी बोलते आणि घरी येऊन आमच्याशी आमची ही खिचडी भाषा बोलते. मुलगा होसकोटेचा, तिकडच्या कारखान्यात इंजिनियर, घरात मराठी, दारात कन्नड, आमच्यासारखेच. पोरीच्या मैत्रिणी म्हणाल्या, बुटीकमध्ये दे, मागे दोऱ्या, आरसे, हातकाम, असलं काहीतरी करून घे. ही म्हणाली, "माझा लग्नाचा ब्लाउज अप्पा कापणार." आणि हे म्हणाले, "मग दुसरं कोण कापणार?" किती दिवसांनी एवढं मोठ्यानं बोलले!

साडी चिकपेटेतून आणली. आमसुली रंगाची, हिरवा काठ, अंगभर बारीक जरीचे बुट्टे. ब्लाउजचं कापड साडीलाच विणलेलं, तेवढंच. दुकानदारानं आधीच सांगितलं होतं, ही एकच आहे, जोडीची येणार नाही. असल्या जरीला उलटी बाजू असते. वरून बुट्टा गोल, सुरेख. आतून जरीचे सुटे धागे लोंबत असतात, या बुट्ट्यापासून त्या बुट्ट्यापर्यंत.

कापायच्या दिवशी ह्यांनी आंघोळ करून देवाला नमस्कार केला. पोरगी ऑफिसला गेलेली. मी मशीनवर बसून उगाच एका जुन्या परकराला टीप मारत होते, लक्ष सगळं फळीकडे. कात्री हातात घेतली, हात थांबला. मी मनात म्हटलं, शाब्बास. बराच वेळ कापड नुसतं हातानं सारखं करत राहिले. काठ दोन्ही बाह्यांना खाली यायला हवा होता आणि कापड मोजकं, म्हणून बाह्या एकत्र घडीत न कापता सुट्या कापायच्या ठरल्या. एक या काठावर, एक त्या काठावर.

मध्येच म्हणाले, "मागचा गळा एवढा खोल नाही करायचा."

मी म्हटलं, "अहो, आता सगळ्या करतात. तिनंच सांगितलंय."

"सगळ्या विहिरीत उड्या मारतील. माझ्या पोरीची पाठ थंडीनं आखडेल."

"मांडवात कसली आलीय थंडी?"

"तू गप्प बस. कापतोय कोण?"

भांडले! माझ्याशी भांडले! मी तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दिसलं असतं तर मजा गेली असती. मीही सोडलं नाही, दोन शब्द जास्तच ऐकवले. शेवटी गळा त्यांनी त्यांच्या मनासारखाच कापला. सगळे तुकडे घडी करून माझ्यापुढे ठेवले. "घे, टीप मार," म्हणाले. आपणहून दुसरा चहा मागितला आणि पिऊन वर पडायला गेले. त्या दिवसाइतकी सुखी मी कित्येक महिन्यांत नव्हते.

मग मी तुकडे उघडले. पाठ बरोबर. पुढचे भाग बरोबर, टक्स बरोबर. बाह्या उचलल्या आणि एकीवर एक ठेवल्या.

ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाही वरून सारखी गोल नसते. पुढच्या अंगाला, काखेपाशी, थोडी जास्त खोल कापावी लागते. म्हणून उजवी बाही उजव्या हाताचीच असते आणि डावी डाव्याचीच, चपलेसारखं. कापड घडीत घालून कापलं तर दोन्ही आपोआप जुळतात. सुट्या कापायच्या तर दुसऱ्या वेळी खोल बाजू फिरवून घ्यायची आठवण ठेवावी लागते. शिकायला लागलेल्या माणसाला पहिली ताकीद असते ती हीच.

बाह्या जुळल्या नाहीत. मी फिरवून बघितल्या. उभ्या धरल्या, आडव्या ठेवल्या, उजेडात नेल्या. दोन्ही उजव्या होत्या. रेघ कशी होती म्हणाल तर आरशासारखी गुळगुळीत, कुठे कंप नाही, कुठे वाकडं नाही. हात चुकला नव्हता. हातानं काम चोख केलं होतं. चुकलं ते दुसरंच काहीतरी, डॉक्टरांनी सांगितलं होतं ते. मी फळीखालचं डबडं उपडं केलं, आमसुली चिंध्या एकेक सरळ केल्या. त्यातून बाही काय, हुकाची पट्टीसुद्धा निघाली नसती.

मी तिथेच खाली बसले. वर हे निवांत झोपले होते. मला राग आला, खूप राग आला. ह्यांचा नाही. कुणाचा ते मला सांगता येत नाही. एक चूक, तीही पोरीच्या लग्नाच्या कापडात! देवाला दुसरं कुठलं कापड मिळालं नाही का?

संध्याकाळी पोरगी आली तेव्हा मी तिला दुकानातच थांबवलं आणि दोन्ही बाह्या तिच्यापुढे ठेवल्या. टेलरची मुलगी ती, मला काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा एवढासा झाला.

"अप्पांना कळलंय?"

"नाही."

"कळलं तर?"

"कात्री ठेवतील. तुला माहीत आहे ना काय म्हणाले होते."

मी म्हटलं, उद्या चिकपेटेत जाऊन जवळपासचं कापड शोधते, मी स्वतः कापते. ती म्हणाली, "अप्पांची बोटं लागली की त्यांना पोत कळेल, आई. आणि मला ते नकोच. अप्पांनी कापलंय तेच घालणार." मग तिनं एक बाही उचलली, उलटी केली, लोंबत्या धाग्यांची बाजू वर करून आपल्या डाव्या दंडावर धरली. चपखल बसत होती. "पदर कुठल्या खांद्यावर असतो?"

"डाव्या."

"मग झालं की! दिवसभर दंडावरून खालपर्यंत ओढून ठेवीन. कोण बघतंय? आणि तू जर अप्पांना सांगितलंस ना, तर मी नायटी घालून मांडवात उभी राहीन, सांगून ठेवते."

आम्ही दोघी हसलो आणि लगेच दोघी रडलो. आवाज न करता, कारण वर हे उठले होते.

हे मंदिरात जायचे तेवढ्या वेळात मी ती बाही शिवली. उलट्या बाजूचे जरीचे धागे एकेक करून टाचले, लोंबू नयेत म्हणून. जन्मभर कापडाची उलटी बाजू आत लपवत आले, आता तीच वर ठेवून शिवत होते. ब्लाउज तयार झाल्यावर ह्यांनी बघायला मागितला. मी हँगरला लावून धरला, डावी बाजू भिंतीकडे करून. ह्यांनी उजव्या बाहीवरून बोटं फिरवली, बाही जोडते तिथला मुंढा चाचपला.

"बरा बसलाय."

"तुम्ही कापलाय, न बसायला काय झालं?"

तेव्हा हसले. लपवलं नाही.

लग्न होसकोटेला झालं. मी मुलीची आई, मला हळदीकुंकू, ओट्या, मानपान बघायचे होते, पण माझं सगळं लक्ष एका पदरावर. पोरीनं तो डाव्या दंडावरून मनगटापर्यंत आणून पिन लावून टाकला होता. फोटोवाला म्हणत होता, "मॅडम, पदर स्वल्प वर घ्या, हातातला चुडा दिसत नाही." ती म्हणायची, "राहू दे." घामानं भिजली, पण हलला नाही पदर. हे पहिल्या रांगेत बसले होते, नवा सदरा, उजवा हात मांडीवर, डाव्या हाताखाली दाबलेला. तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, पार पडलं. देवा, तुझे उपकार.

निघायच्या वेळी ती ह्यांच्या पाया पडायला वाकली. वाकली तशी पिन सुटली. पदर खांद्यावरून सरळ खाली आला आणि डावी बाही ह्यांच्या डोळ्यांपुढे उघडी पडली.

ह्यांनी बघितलं. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं, टाचलेले धागे आणि फिकट बुट्टे, एवढंच. ह्यांच्या नजरेला एक क्षण पुरे होता. बाहीवरून नजर मुंढ्यावर गेली, तिथून माझ्याकडे आली. पोरगी वाकलेलीच, तिची वर बघायची हिंमत होईना.

मग ह्यांनी दोन्ही हातांनी तो पदर उचलला. हात इतके कापत होते की जरीचा काठ चमकत होता. तिच्या खांद्यावर ठेवला, दंडावरून खाली ओढला, बाही पूर्ण झाकली. "पिन," म्हणाले. मी माझ्या पदराची काढून पुढे केली. ह्यांना लावता येईना. दोनदा टोक सुटलं. लोक खोळंबलेले, गाडी उभी, आणि पोरगी दगडासारखी स्थिर उभी होती, त्यांना जमेपर्यंत उभी राहिली असती. शेवटी ह्यांनी चुण्या धरून ठेवल्या आणि पिन मी लावली.

"पदर सांभाळ गं," एवढंच ते तिला म्हणाले.

ती रडली ती कोसळून रडली. बायका म्हणाल्या, बापाचं फार वेड आहे हो पोरीला.

घरी आल्यावर त्या विषयावर एक शब्द नाही. मी वाट बघत होते, ओरडतील, का लपवलंस म्हणतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, नेहमीसारखे फळीमागे जाऊन बसले. गिऱ्हाइकांची कापडं घडी करून ठेवलेली, त्यावर मापाचे ब्लाउज. ह्यांनी फडकं उघडलं नाही. उजवा हात मांडीवर, बोटं मळत राहिली. त्या दिवशी नाही, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, मुद्दाम. घोट घेतला, कप खाली ठेवला. मी विचारलं, "कसा झालाय?" म्हणाले, "सरी."

हात आता दिवसभर चालायचा. थांबवायला काहीच नव्हतं. बघवत नव्हतं मला.

एका दुपारी माझा धीर सुटला. मी मशीनवरून उठले, तेलाचं फडकं ओढून काढलं आणि मामंजींची कात्री हातात घेतली. त्यांच्यासमोर उभी राहून रिकामीच वाजवली, कचाकच. परत वाजवली. आणि त्यांचा तो कापणारा हात धरून, तळव्यात ती कात्री दिली, हातातून हातात, बोटं मुठीत घालून वरून दाबली.

"ओरडा ना! कोथिंबिरीला ओरडला होता, आता का गप्प? भांडा माझ्याशी! सांगा, हिला हात का लावलास!"

कात्री हातात गेली आणि हात थांबला. अगदी पूर्वीसारखा. मला वाटलं, जिंकले मी.

ते कात्रीकडे बघत राहिले. मग उठले, हळूहळू फळीपाशी गेले, कात्री फळीवर ठेवली. तिची मूठ माझ्याकडे वळवली.

"हातात देऊ नये गं," म्हणाले, "भांडणं होतात."

आणि मागच्या दारानं जिन्याकडे गेले.

मी फळीपाशी जाऊन तिची मूठ धरली. मग उचलली. मनगट दुखलं. बाहेर लोखंडी जिन्यावर ते थांबत थांबत चढत होते, आणि कठड्यावर त्यांच्या हातातली अंगठी वाजत होती, थेट वरपर्यंत.